समान संधी कक्षाचा विद्यार्थी सल्लागार गट : एका विद्यापीठातील सेवेचे परीक्षण

राज्यातील एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाच्या समान संधी कक्षाने अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, दिव्यांग आणि घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यांचा एक सल्लागार गट नेमला आहे. शिष्यवृत्तीची खिडकी, वसतिगृह, खाणावळ, परीक्षेत दिव्यांगांची उत्तरे लिहून देणारे लेखनिक आणि तक्रार निवारण यांविषयी कोणताही बदल करण्यापूर्वी या गटाचे म्हणणे ऐकून घ्यायचे, असे तेथील धोरण आहे. मी या सेवांच्या रांगेत विद्यार्थिनी म्हणून उभी राहिले आहे आणि पुढे या गटाची सदस्य म्हणूनही काम केले आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे ज्या उणिवा सांगणार आहे त्या थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी आढळतील. आपल्याकडे अशी व्यवस्था मागायची असेल तर नेमके काय मागावे आणि ती मिळाल्यावर कोणत्या गोष्टी तपासून घ्याव्यात, हे इतर विद्यार्थ्यांना कळावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी थोडे तरतुदींविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समतेसंबंधीच्या विनियमांनी उच्च शिक्षणसंस्थांमध्ये समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असे सांगितले, आणि त्यानुसार कक्षाची पाटी बहुतेक ठिकाणी लागली. कक्षाचे काम ठरवताना विद्यार्थ्यांचा वाटा किती असावा, हे मात्र पुष्कळसे त्या त्या संस्थेच्या मर्जीवर राहिले. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थी परिषदा गुणवत्तेच्या आधारे नेमल्या जाऊ लागल्या. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली, पण २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. या कायद्यात विद्यार्थी परिषदेवर राखीव प्रवर्गाचा एक प्रतिनिधी आहे, मात्र अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्ग यांच्यात ही एकच जागा आळीपाळीने फिरते. एम. ए. किंवा एम. एस्सी.साठी आलेला विद्यार्थी विद्यापीठात दोन वर्षे असतो आणि तेवढ्या काळात त्याच्या प्रवर्गाची पाळी येईलच असे नाही. म्हणून परिषदेची निवडणूक झाली तरीही समान संधी कक्षाला स्वतंत्र सल्लागार गट हवाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

या गटाची सर्वांत चांगली बाजू म्हणजे सदस्य निवडण्याची पद्धत. विभागप्रमुखांकडून नावे मागवली जात नाहीत. इच्छुकाने अर्धे पान मराठीत लिहून द्यायचे, किंवा कक्षात येऊन तोंडी सांगायचे आणि तेथील कर्मचाऱ्याने ते उतरवून घ्यायचे. मागच्या परीक्षेत विषय राहिले असले तरी अर्ज बाद होत नाही. हे मी मुद्दाम नमूद करते, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार समितीवर जो विद्यार्थी प्रतिनिधी घ्यायचा, तो अभ्यासातील गुणवत्ता, खेळातील प्रावीण्य किंवा अभ्यासेतर उपक्रमांतील कामगिरी पाहून नेमायचा असतो. ज्याचे सगळे सुरळीत चालले आहे असा विद्यार्थी अशा निवडीत सहज पुढे येतो. शिष्यवृत्ती न आल्याने ज्याचे वर्ष बुडाले, वसतिगृह न मिळाल्याने ज्याने दुसऱ्या सत्राला दांड्या मारल्या, त्याला सेवेतील खाचखळगे अधिक ठाऊक असतात आणि तोच या चाळणीतून गळतो.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. या गटासाठी अर्ज करताना जातीचा दाखला जोडावा लागत नाही, विद्यार्थ्याने स्वतः दिलेली माहिती ग्राह्य धरली जाते. सुरुवातीला प्रशासनातील काहींनी याला हरकत घेतली होती आणि गटाच्या बैठकीत त्यावर बराच वेळ चर्चा झाली. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढताना अनुसूचित जातीच्या कुटुंबाला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा पालावर जन्मले, ज्यांच्या घरात शाळा सोडल्याचा पहिला दाखला याच पिढीत निघाला आणि ज्यांच्या नावावर कधी सातबारा नव्हता, त्यांनी १९६१ पूर्वीचा कागद कोठून आणायचा? दाखला नाही म्हणून असा विद्यार्थी खुल्या प्रवर्गातून प्रवेश घेतो, पूर्ण शुल्क भरतो आणि विद्यापीठाच्या नोंदीत मागासवर्गीय म्हणून दिसतच नाही. राखीव प्रवर्गाच्या यादीतून प्रतिनिधी निवडले तर ज्याचे म्हणणे ऐकण्याची सर्वाधिक गरज आहे तोच बाहेर राहतो. पारधी समाजातील एका सदस्याने त्या बैठकीत एवढेच विचारले, “सर, दाखल्यासाठीच तर मी इथं आलोय. दाखला असता तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?” त्यानंतर ही हरकत मागे घेण्यात आली आणि कक्षाने दाखल्याच्या प्रकरणांसाठी विधी विभागातील विद्यार्थ्यांची मदतही सुरू केली. ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांना विचारल्याने काय फरक पडतो, हे मला त्या दिवशी लख्ख दिसले.

बैठकांच्या कामकाजाविषयी थोडक्यात सांगते. पहिली बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली होती, तेव्हा कमवा व शिका योजनेत काम करणारे सदस्य येऊच शकले नाहीत. आता बैठक शनिवारी दुपारी होते, कार्यक्रमपत्रिका मराठीत आठवडाभर आधी मिळते आणि बैठकीच्या वेळेचे मानधन कमवा व शिकाच्या तासाच्या दराने दिले जाते. मानधनाचा मुद्दा काहींना क्षुल्लक वाटेल, पण ज्याचा महिन्याचा खर्च त्या तासांवर चालतो त्याला दोन तास फुकट बसायला सांगणे म्हणजे न येण्याचेच निमंत्रण होय. इतिवृत्त सदस्यांना दाखवून मगच कायम होते. गटाच्या प्रत्येक शिफारशीवर संबंधित विभागाने एका महिन्यात लेखी उत्तर द्यायचे असते, आणि मान्य, अमान्य व विचाराधीन असा तक्ता कक्षाबाहेरच्या फलकावर लागतो.

परीक्षेतील लेखनिकांच्या सेवेला मी सर्वांत वरचे स्थान देईन. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग विद्यार्थ्याला तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ द्यायचा, लेखनिक स्वतःचा आणायचा की संस्थेचा घ्यायचा हे त्याने ठरवायचे, आणि संस्थेचा लेखनिक असेल तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटण्याची सोय करून द्यायची, असे सांगितले होते. विद्यापीठाच्या परिपत्रकात हे सारे होते. प्रत्यक्षात मात्र लेखनिकाची पहिली भेट परीक्षेच्या खोलीतच होत असे. गटातील राज्यशास्त्राच्या एका अंध विद्यार्थिनीने परीक्षा विभागाच्या उपकुलसचिवांना समोरासमोर सांगितले, “मॅडम, माझ्या रायटरला ‘सार्वभौमत्व’ लिहिता येत नव्हतं. मी एकेक अक्षर सांगत बसले. तिचं सगळं शिक्षण इंग्रजीतनं झालेलं, तिचा काय दोष? पण माझा एक आख्खा प्रश्न राहून गेला.” उपकुलसचिवांनी त्याच बैठकीत विचारले, “मग लेखनिक कसा हवा, ते तूच सांग.” ती म्हणाली, “मराठी माध्यमातला, आणि आधी एक तास माझ्यासोबत बसलेला.” पुढच्या सत्रापासून लेखनिकांच्या यादीत त्यांच्या शिक्षणाच्या माध्यमाचा रकाना आला आणि ग्रंथालयातील एक खोली परीक्षेपूर्वीच्या भेटीसाठी राखून ठेवली गेली. त्या भेटीत विद्यार्थी विषयातील अवघड संज्ञा लेखनिकाकडून एकदा लिहून घेतात. या सुधारणेला फारसा पैसा लागला नाही. ज्याला अडचण माहीत होती आणि ज्याला ती सोडवण्याचा अधिकार होता, ती दोन माणसे आधी कधी एका टेबलाशी बसलीच नव्हती.

शिष्यवृत्तीच्या खिडकीत सुधारणा झाली आहे, पण मूळ दुखणे विद्यापीठाच्या हाताबाहेरचे आहे. अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो, आणि अलीकडच्या बदलानंतर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात येतो. तो आला की त्यातील शुल्काची रक्कम विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायची असते. पैसे उशिरा येतात, शुल्काचा तगादा आधी सुरू होतो आणि परीक्षेच्या अर्जाच्या वेळी विद्यार्थी मधल्या मध्ये अडकतो. या काळात कोणाचेही परीक्षा प्रवेशपत्र किंवा गुणपत्रक अडवू नये, ही गटाची शिफारस विद्यापीठाने मान्य केली आणि संलग्न महाविद्यालयांना तसे परिपत्रक पाठवले. विद्यापीठाच्या विभागांत त्याचे पालन होते. संलग्न महाविद्यालयांत सगळीकडे होतेच असे नाही, आणि तक्रार आल्याशिवाय विद्यापीठ तपासणी करत नाही, ही गंभीर उणीव आहे. ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावरचा अर्ज त्रुटीसाठी परत आला तर नेमकी त्रुटी कोणती, हे आता खिडकीवरचे कर्मचारी मराठीत समजावून सांगतात आणि उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, गुणपत्रक अपलोड करण्यापूर्वी एकदा तपासून देतात. मेळघाटातील कोरकू, धडगावकडील पावरा आणि भामरागडच्या माडिया मुलांसाठी त्यांच्याच भाषेतील वरच्या वर्गातला विद्यार्थी प्रवेशाच्या दिवसांत खिडकीजवळ बसवावा, ही सूचना गटानेच केली होती. तो पहिला पंधरवडा सोडल्यास ही सोय बंद असते. ती निदान परीक्षा अर्जाच्या आठवड्यातही हवी.

वसतिगृहाच्या बाबतीत दोन बदल झाले. जातवैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती प्रवेशासाठी चालते, आणि पहिल्या यादीनंतर उशिरा प्रवेश होणाऱ्या दूरच्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांसाठी काही खोल्या राखून ठेवल्या जातात. मुलींच्या खाणावळीची रात्रीची वेळही वाढली, त्यामुळे संध्याकाळच्या पाळीत काम करणाऱ्या मुली उपाशी राहत नाहीत. मात्र खाणावळीचा ठेका कोणाला द्यायचा, जेवणाचा दर काय असावा, नाश्त्याला काय असावे, हे ठरवताना गटाला कोणी विचारत नाही.

हे मला अधिक खटकते, कारण वसतिगृह विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची परंपरा आपल्याच मातीतील आहे. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले, तेथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करत. खाणे मुलांचे आहे, तर त्याचा कारभारही त्यांना समजायला हवा, ही दृष्टी त्या काळी होती. उलट अनुभवही फार जुना नाही. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे वेळेवर आले नाहीत तर त्या महिन्यात जेवायचे काय, हा त्यांचा साधा प्रश्न होता. निर्णयापूर्वी एखाद्या वसतिगृहात जाऊन तो ऐकून घेतला असता तर मुलांना रस्त्यावर उतरावे लागले नसते, असे मला आजही वाटते.

तक्रार निवारणाची सेवा मात्र सर्वांत दुबळी आहे आणि त्याबाबत मी कोणालाही खोटा दिलासा देणार नाही. २०२३ च्या विनियमांनुसार समितीत एक तरी महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील एक तरी व्यक्ती असणे आवश्यक आहे, समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि समाधान न झाल्यास विद्यार्थ्याला लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांची अपिले ऐकणाऱ्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. कागदावर ही रचना बरी आहे. पण विद्यार्थी प्रतिनिधी तेथे विशेष निमंत्रित असतो आणि त्याला गणपूर्तीत धरले जात नाही, म्हणजे तो आला नाही तरी बैठक नियमानुसार पूर्ण होते. आमच्या गटाने आपला एक सदस्य या समितीला प्रत्येक वेळी बोलवावा आणि त्याचे मत इतिवृत्तात स्वतंत्र नोंदवावे अशी शिफारस केली. नियमात न बसणारे यात काहीच नाही. तरीही फलकावर ती शिफारस ‘विचाराधीन’ या रकान्यातच आहे. माझ्या ओळखीच्या एका संशोधक विद्यार्थिनीने मार्गदर्शकांच्या वागणुकीविषयी तक्रार दिली. सुनावणीला ती गेली तेव्हा समोर सगळे प्राध्यापक होते, त्यातील दोघे तिच्याच विद्याशाखेचे. तिने तक्रार मागे घेतली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिच्यासारखीच एखादी मुलगी बसलेली असती, तर तिला बोलायला बळ मिळाले असते.

जातीवरून होणाऱ्या त्रासाची किंमत आपण पाहिली आहे. २०१६ मध्ये हैदराबादला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचे मृत्यू झाले आणि त्यानंतर दोघांच्या मातांना सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्यांची याचिका समान संधीच्या नियमांची अंमलबजावणी व्हावी यासाठीच होती. तक्रार निवारण समितीतील खुर्चीचा प्रश्न मी इतक्या आग्रहाने मांडते तो यामुळेच.

आणखी काही उणिवा आहेत. प्रवेश अर्जात तृतीयपंथी असा रकाना आहे, पण गटात त्यांचे कोणी नाही आणि त्यांनी वसतिगृहात कोठे राहायचे याचे उत्तरही कोणाकडे नाही. तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल २०१४ चा आहे, त्यामुळे विषय नवा आहे ही सबब चालणार नाही. गटाची मुदत एक वर्षाची असल्याने सदस्यांना कामकाज समजू लागते तोच ती संपते. अर्ध्या सदस्यांची मुदत दरवर्षी संपावी आणि अर्धे पुढे चालू राहावेत, म्हणजे नव्यांना जुन्यांचा आधार मिळेल. कक्षाचे समन्वयक मन लावून काम करतात, पण त्यांच्याकडे अध्यापनाचा पूर्ण भार आहे आणि कक्षाला स्वतंत्र लिपिक नाही. गट टिकून आहे तो त्यांच्या व्यक्तिगत तळमळीवर. उद्या त्यांची बदली झाली किंवा दुसरी जबाबदारी आली तर काय, याची मला खरोखर काळजी वाटते. सल्लागार गटाची तरतूद साध्या परिपत्रकात न ठेवता विद्यापीठाच्या परिनियमांत आणावी, ही माझी या परीक्षणातील मुख्य सूचना आहे.

एवढे सारे लक्षात घेऊनही, इतर विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी या नमुन्याची मागणी जरूर करावी असे मी म्हणेन. मागताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात : निवडीला गुणांची आणि दाखल्याची अट नको, बैठकीचे मानधन हवे, प्रत्येक शिफारशीला मुदतीत लेखी उत्तर हवे आणि ते उत्तर सर्वांना दिसेल अशा जागी लागायला हवे. यातील शेवटची सोडली तर बाकीच्या तिन्हींचा उपयोग हळूहळू संपतो, कारण फलकावर ‘अमान्य’ असे लिहून त्याखाली कारण द्यावे लागते तेव्हाच विभाग शिफारस पूर्ण वाचतात.

आमच्याकडे खाणावळीच्या ठेक्याची मुदत या वर्षअखेर संपते. नव्या निविदेच्या अटी ठरवणाऱ्या समितीत गटाचे दोन सदस्य मताच्या अधिकारासह घ्यावेत, असा अर्ज आम्ही कुलसचिव कार्यालयात दिला आहे आणि त्याची पोच आमच्याकडे आहे. नव्या गटासाठी अर्ज जुलैत निघतील. ज्यांना यायचे आहे त्यांनी शनिवारी दुपारी कक्षात येऊन जुनी इतिवृत्ते वाचून घ्यावीत, ती तेथे मागितल्यावर लगेच मिळतात.